विटेट पाहायचा तर परळला जा

वास्तुविशारद जॉर्ज विटेट म्हटलं की गेटवे ऑफ इंडिया, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की त्या माणसाने दुसरं काही बांधलं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मग गेटवेवरून वाद सुरू होतो आणि त्याचे दोन ठरलेले पक्ष असतात. एक म्हणतो, ही गुलामीची निशाणी, इंग्रज राजाच्या पायधुळीची कमान, तिचं कौतुक कसलं करता? दुसरा म्हणतो, अहो, इंग्रजांनी बांधलं ते शंभर वर्षं उभं आहे, आपला उड्डाणपूल दोन पावसाळे टिकत नाही. दोघंही तावातावाने भांडतात, पण दोघांची नजर एकाच दगडी दर्शनी भागावर खिळलेली असते. आत काय चालतं, ते कुणासाठी बांधलं, पैसा कुणी दिला, आज तिथे कोण जातं, हे प्रश्न दोन्ही पक्षांना पडत नाहीत.

माझं मत सरळ आहे. गेटवे ही विटेटची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कमी महत्त्वाची वास्तू आहे. त्याचं खरं काम परळला आहे, धोबीतलावाच्या बाजूला आहे, काळा घोड्याच्या कोपऱ्यावर आहे. जिथे लोक फोटो काढायला जात नाहीत, नाइलाज म्हणून किंवा शिकायला म्हणून जातात. हे पटत असेल, तर वारसा जतनासाठीचा पैसा आणि आपलं लक्ष कुठे जायला हवं, याचाही क्रम बदलावा लागेल.

आधी माणूस कोण ते पाहू. विटेटचा जन्म १८७८ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथॉलचा. पर्थमध्ये उमेदवारी केली, मग एडिंबरा आणि यॉर्कमध्ये काम केलं. १९०४ मध्ये तो मुंबईला आला, सरकारी वास्तुविशारद जॉन बेग याचा साहाय्यक म्हणून. बेग तेव्हा जनरल पोस्ट ऑफिसच्या कामात होता. पुढे बेग भारत सरकारच्या सेवेत वर चढला आणि मुंबई इलाख्याची जबाबदारी विटेटकडे आली. तेव्हा तो जेमतेम तिशीतला होता. १९२६ मध्ये आमांशाने तो मुंबईतच गेला. पन्नाशीही गाठली नाही. म्हणजे मुंबईतली सगळी मिळून बावीस वर्षं, आणि त्यातली चार पहिल्या महायुद्धाने खाल्लेली. एवढ्या काळात त्याने जे उभं केलं ते पाहिलं की माणूस झपाटल्यासारखा काम करत असणार याची खात्री पटते.

बेग आणि विटेट यांच्या आधीची सरकारी मुंबई गॉथिक होती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं बोरीबंदरचं स्थानक १८८८ मध्ये पुरं झालं, महापालिकेची इमारत १८९३ मध्ये. दोन्हींत युरोपातल्या चर्चची टोकदार कमान मुख्य. बाकी हिंदुस्थानात मात्र वारं आधीच बदललं होतं. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपण परके सौदागर नसून मुघलांचे, सुलतानांचे वारसदार आहोत असं दाखवायची गरज वाटू लागली आणि त्यांच्या इमारतींवर घुमट आणि छत्र्या चढू लागल्या. वास्तुविशारद चिझमने मद्रासमध्ये ते केलं. मेजर मँटने कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास आखला. मुंबईत हे वळण जरा उशिरा आलं, ते बेग आणि विटेटच्या हातून.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये खुद्द प्रिन्सने बसवली. आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि ती विटेटने जिंकली. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण युद्ध सुरू झाल्याने तिथे लष्करी इस्पितळ आलं आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली ती थेट १९२२ मध्ये. तिचा घुमट विजापुरी वळणाचा. गेटवेसाठी त्याने सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या, अहमदाबादकडच्या मशिदींचं वळण घेतलं. आता यात एक गंमत आहे. अहमदाबाद आणि विजापूर ही दोन्ही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली शहरं. विटेटने 'भारतीय' म्हणून जे वेचलं, ते त्याच्या साहेबाच्या अधिकारक्षेत्रातलंच होतं. शैलीचा अभ्यास मनापासून केलेला होता यात शंका नाही. जाळीचं काम, कोनाडे, कमानींची प्रमाणं पाहिली की तो माणूस मोजपट्टी घेऊन या वास्तूंमधून हिंडला असणार हे दिसतं. पण त्या निवडीवर इलाख्याच्या नकाशाची सीमारेषा पडलेली आहे.

मग मराठ्यांचं काय? पेशवाईतला वाडा, सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब, महिरपी, दीपमाळा, यांतलं बाहेरून काहीच दिसत नाही. म्युझियमच्या आत गेलं की मात्र नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेलं लाकूडकाम त्याने मधल्या दालनात बसवलेलं आहे. म्हणजे मराठी वास्तुकलेला जागा मिळाली ती घराच्या आत, पाहुण्याला न दिसणाऱ्या बाजूला. १९९८ मध्ये या संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. महाराजांच्या नावाच्या वास्तूवर आदिलशाही घुमट, हे वाक्य कागदावर वाचताना एखाद्याच्या भुवया वर जातील. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांहून अधिक काळ कुणाचं काही बिघडलेलं नाही, आणि त्याबद्दल मला बरंच वाटतं.

आता गेटवे. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, ते दिल्ली दरबाराला जाण्यासाठी. त्यांच्या स्वागताला होता तो तात्पुरता मंडप. आज दिसते त्या कमानीची कोनशिला बसली १९१३ मध्ये, अंतिम आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, व्हाइसरॉय रीडिंगच्या हस्ते. ज्याच्यासाठी दार, तो तेरा वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. खर्च २१ लाखांच्या घरात गेला. दारासमोर येणारा भव्य रस्ता नकाशावर होता, पण त्याला पैसे उरले नाहीत. म्हणून आजही कमान एका दिशेला तोंड करून उभी आहे आणि रस्ता तिरका तिच्या बगलेत येऊन पोचतो. वास्तू म्हणून प्रमाणबद्ध आहे, पिवळसर बेसाल्ट उन्हात सुंदर दिसतो, सगळं मान्य. पण वास्तुविशारदाला ज्या गोष्टींशी झगडावं लागतं, म्हणजे माणसं कुठून आत येतील, वारा कसा खेळेल, पावसाचं पाणी कुठे जाईल, आजारी माणूस जिना कसा चढेल, यांतला एकही प्रश्न गेटवेला नाही. ते एक भलंमोठं स्वागतपत्र आहे, तेही उशिरा पोचलेलं.

यावर कुणी म्हणेल की गेटवेला नंतर अर्थ आला. आला, खरंच आला. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात बंदरातल्या जहाजांवर अडकलेल्या खलाशांसाठी मुंबईकरांनी याच धक्क्यावर अन्न आणून दिलं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी, इथून जाणारी शेवटची इंग्रज पलटण, याच कमानीखालून बोटीत चढली. २६ जानेवारी १९६१ पासून समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आणि आज इथून घारापुरीला, मांडव्याला लाँच सुटतात. गावाकडून पहिल्यांदा मुंबईला आलेलं कुटुंब इथे हमखास फोटो काढतं. पण हा सगळा अर्थ लोकांनी भरला, विटेटने नाही. रिकामी कमान असली की तिच्यात काहीही भरता येतं, हे तिचं भाग्य.

विटेटच्या कामाकडे शैलीच्या चष्म्यातून पाहिलं की कसा घोटाळा होतो, त्यासाठी बॅलार्ड इस्टेटला एक चक्कर मारावी. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीने भराव घालून पोर्ट ट्रस्टने ही बावीस एकरांची वसाहत तयार केली, आणि तिथल्या इमारतींचं रूप ठरवण्याचं काम विटेटकडे होतं. तिथे जाळी नाही, झरोका नाही, घुमट नाही. सगळं लंडनच्या व्यापारी पेठेसारखं: सरळ रेषा, एकसारखी उंची, युरोपीय खांब. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या होत्या. तिथे कुणाला मुघलांचा वारसदार दिसायची हौस नव्हती. जिथे राज्य मिरवायचं होतं तिथे हिंदुस्थानी पोशाख, आणि जिथे धंदा करायचा होता तिथे कोट-टाय.

पुढची गोष्ट याहून मजेशीर. १९१९ मध्ये विटेटने सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या कंपनीत गेला. १९२४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी गेटवेचं उद्घाटन झालं त्याच वर्षी, त्याने आखलेलं टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाउस पुरं झालं. हिंदुस्थानी उद्योगपतीचं घर, मालकही हिंदुस्थानी, पैसाही हिंदुस्थानी. आणि शैली? पूर्णपणे युरोपीय. म्हणजे एकाच वर्षी, एकाच माणसाच्या हातून, इंग्रज सरकारने गुजराती सुलतानांची वस्त्रं पांघरली आणि पारशी उद्योगपतीने साहेबाची. इमारतीच्या चेहऱ्यावरून तिचा मालक ओळखायला जावं तर दोन्हीकडे फसायला होतं. (जाता जाता: बॉम्बे हाउसच्या दारात भटकी कुत्री बिनधास्त लोळतात, त्यांना आत वेगळी खोलीसुद्धा आहे. मुंबईतल्या कुठल्याही सरकारी कचेरीत माणसांना एवढी मोकळीक मिळाली तर बरं होईल.)

हे मी एवढं लांबवतोय, कारण तीच चूक आपण आजही करतो. नवी सरकारी इमारत 'भारतीय' दिसावी म्हणून काचेच्या भिंतीवर काँक्रीटची जाळी चिकटवली जाते, वर एखादी छत्री ठेवली जाते, आणि उद्घाटनाच्या भाषणात गुलामीच्या मानसिकतेतून मुक्त झाल्याची घोषणा होते. हीच युक्ती इंग्रज राज्यकर्त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी शोधून काढली होती. झरोका लावल्याने सत्ता आपली होत नाही. तेव्हाही झाली नव्हती.

मग इमारत कुणाची, हे कशावरून ठरवायचं? परळला चला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकायचं म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या, म्हणजे व्यवहारात बहुतांशी गोऱ्यांसाठी. हिंदुस्थानी डॉक्टर कितीही हुशार असो, शिकवायच्या खुर्चीपर्यंत पोचणं महाकठीण. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी महापालिकेला नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे दिले, तेव्हा अट घातली की इथले अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, पात्र हिंदुस्थानीच असतील. ही अट साधी नव्हती. वैद्यकाच्या क्षेत्रात असहकाराइतकंच तिचं मोल होतं. जी. एस. मेडिकल कॉलेज १९२५ मध्ये सुरू झालं, शेजारचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये. पहिले अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालयाला नाव मिळालं ते सातव्या एडवर्डचं, कारण त्याच्या स्मारकासाठी जमलेला निधी त्यात होता. राजाचं नाव, गुजराती शेठच्या पैशावरचं कॉलेज, महापालिकेची मालकी, स्वदेशी अध्यापक. आणि या सगळ्याचा आराखडा काढला स्कॉटलंडहून आलेल्या विटेटने.

आज केईएममध्ये अठराशेच्या आसपास खाटा आहेत आणि वर्षाला बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसं इथे येतात, कारण दुसरीकडे परवडत नाही. नातेवाईक व्हरांड्यात चटई टाकून राहतात. शंभर वर्षांपूर्वी विजेचे पंखे चैनीचे होते तेव्हा इमारत आखणाऱ्याला उंच छत, समोरासमोर खिडक्या, लांब सावलीचे व्हरांडे या गोष्टी कराव्याच लागत. त्या व्हरांड्याचा आज जो उपयोग होतो, तो विटेटने कल्पिला नसेल. पण व्हरांडा रुंद आहे म्हणून माणसाला पाठ टेकायला जागा आहे. वास्तुकलेचं मोजमाप मला इथे दिसतं: आराखडा काढणाऱ्याच्या हेतूच्या पलीकडे इमारत किती जणांना सामावून घेते.

त्याच परिसरातलं वाडिया प्रसूतिगृह घ्या. तेही विटेटचं, आणि सुरू झालं तेही १९२६ मध्येच. गिरणगावाच्या मधोमध, गिरणीमालक वाडियांनी गिरणी कामगारांच्या बायकांसाठी आणि गिरणीत काम करणाऱ्या बायांसाठी उभारलेलं. हे वाचून हात जोडण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांवर आणला होता, म्हणजे त्याआधी तो किती असेल याची कल्पना करा. इस्पितळ झालं तेव्हा गरोदर कामगार बाईला रजेचा पगार देण्याची सक्ती मालकावर नव्हती. ती आली १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या मातृत्व लाभ कायद्याने, ज्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. दानाने इमारत आली, हक्क मात्र झगडूनच मिळाला. विटेटच्या वास्तूला या दोन्हींचा संदर्भ आहे, आणि हा संदर्भ सांगणारी पाटी मला तरी कुठल्या वारसा-फेरीत वाचायला मिळालेली नाही.

काळा घोड्याजवळची विज्ञान संस्था, पूर्वीचं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, हीसुद्धा अशीच. सर कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहीम, वसनजी मूळजी: पारशी, यहुदी, खोजा, जैन अशा चौघांच्या देणग्यांतून ती उभी राहिली. शिक्षण घेतानाच बाई म्हणून दारं बंद होण्याचा अनुभव घेतलेल्या कमला सोहोनी पुढे याच संस्थेच्या संचालक झाल्या. तिच्याच आवारातलं कावसजी जहांगीर सभागृह १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आणि लोकमान्य टिळक मार्गावरचं लघुवाद न्यायालय: पागडी, भाडं, घर खाली करून घेणं, मुंबईकराच्या आयुष्यातली निम्मी भांडणं जिथे पिढ्यान् पिढ्या चालतात ते कोर्ट. बापाने लावलेला दावा मुलगा लढवतो अशी ही जागा. तिच्या दर्शनी भागाकडे मान वर करून पाहायला पक्षकाराला सवड नसते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. या इमारतींचं मोल दात्यांमुळे, डॉक्टरांमुळे, चळवळींमुळे असेल, तर श्रेय विटेटला कशाला? तो पगारी माणूस. आज सरकारसाठी कमान, उद्या टाटांसाठी कचेरी. खरं आहे. शिवाय ज्या पाथरवटांनी कुर्ल्या-मालाडचा दगड घडवला, ज्या हिंदुस्थानी नक्शेनवीसांनी कोपऱ्यातले तपशील काढले, त्यांची नावं पाटीवर नाहीत. 'विटेटने बांधलं' असं आपण म्हणतो तेव्हा शेकडो हात एका नावाखाली गाडले जातात. म्हणून मी विटेटला थोर म्हणत नाही. मी त्याला कसबी म्हणतो, आणि कसबी माणसाच्या कामाची किंमत त्याला मिळालेल्या गिऱ्हाइकावर पुष्कळ अवलंबून असते. साम्राज्य गिऱ्हाईक असताना त्याच्या हातून कमान झाली. महापालिका आणि दानशूर माणसं गिऱ्हाईक असताना रुग्णालयं झाली. गिऱ्हाईक बदललं आणि काम सुधारलं.

त्याच्या खात्यावर आणखी एक गोष्ट मांडायला हवी. १९१७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला विद्यार्थ्यांची जी संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष विटेट होता. तिचीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या कडेला आर्ट डेको या तेव्हाच्या नव्या शैलीतल्या इमारतींची रांग उभी राहिली, तिच्यावर हिंदुस्थानी वास्तुविशारदांच्या सह्या आहेत. त्यांना ना विजापुरी घुमट हवा होता ना गॉथिक कमान. ज्या शैलीसाठी विटेट प्रसिद्ध आहे, ती त्याच्यानंतर दहा-पंधरा वर्षांत इथल्या तरुणांनी बाजूला ठेवली. शिक्षक म्हणून यापेक्षा चांगलं काय व्हायचं असतं?

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे पैशावर आणि निगराणीवर.

मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, देशात पहिल्यांदा. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, समिती आली, आणि बरंच पाडकाम थांबलं. नियमावली चांगलीच आहे. पण ती पाडू नका, चेहरा बिघडवू नका, एवढं सांगू शकते. जपा असं सांगून पैसा देऊ शकत नाही. जपण्याचं काम मालकावर. मालक कोण आहे त्यानुसार विटेटच्या इमारतींचं नशीब वेगळं झालेलं आहे. वस्तुसंग्रहालय स्वायत्त विश्वस्त मंडळाच्या हाती आहे. शताब्दीच्या निमित्ताने जतन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याचं जतनकाम झालं आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बॉम्बे हाउस २०१८ मध्ये नव्याने सजलं, टाटांना परवडतं. उरल्या त्या कोर्ट, कॉलेज, रुग्णालय अशा कामाच्या इमारती. त्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नाहीतर महापालिकेच्या भरवशावर.

तिथे काय होतं हे कुणीही पाहू शकतो. मुंबईतल्या जुन्या सरकारी इमारतींच्या भिंतींवर केबलींची जाळी, खिडक्यांतून बाहेर आलेले एसीचे खोके, सागवानी झडपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, पन्हाळीत उगवलेला पिंपळ. सर्वांत मोठा घात मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो सिमेंटने होतो. या इमारतींचे दगड चुन्यात बसवलेले आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतो. पावसाळ्यात भिंत भिजते आणि नंतर वाळते. त्या सांध्यांवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात, आतलं लाकूड आणि लोखंड कुजतं. मग गळती लागते, गळतीवर पुन्हा सिमेंट. खात्याची दरसूची आणि सर्वांत कमी बोली स्वीकारण्याची निविदा पद्धत यांत चुन्याच्या कामाला धड जागा नसते, आणि ते जाणणारे गवंडी दरवर्षी कमी होत चाललेत. यात कुणा अभियंत्याची दुष्ट बुद्धी नाही. पद्धतच तशी आहे, म्हणून ती बदलावी लागेल.

वारसाप्रेमींनीही थोडं आत डोकावून पाहायला हवं. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या वादातून वाडिया रुग्णालयं बंद पडायची वेळ आली, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. रस्त्यावर उतरले ते कर्मचारी. विटेटच्या झरोक्यांवर लेख लिहिणाऱ्यांपैकी, माझ्यासकट, कुणाला हा वारशाचा प्रश्न वाटला नाही. प्रसूतिगृह बंद पडून तिथे उद्या आलिशान हॉटेल झालं असतं आणि दगड न् दगड शाबूत राहिला असता, तर नियमावलीच्या दृष्टीने जतन यशस्वी ठरलं असतं. मला ते यश नको.

याचा अर्थ जुनी इमारत जशीच्या तशी गोठवावी असा नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या वॉर्डात आजचा अतिदक्षता विभाग मावत नाही. त्यासाठी मागे नवी इमारत बांधा, उंच बांधा. पण व्हरांडा विटांनी बुजवून तिथे भांडारघर करू नका. व्हरांडा मोकळा राहिला तर वॉर्डात वारा येतो आणि क्षयाच्या रुग्णांनी भरलेल्या शहरात ही काही सौंदर्याची बाब नाही.

नावाचंही बोलून टाकतो. केईएममधला 'किंग एडवर्ड' अधूनमधून कुणाला तरी खुपतो आणि नामांतराची मागणी येते. माझा विरोध नाही. संग्रहालयाचं नाव बदललं, स्थानकाचं बदललं, आकाश कोसळलं नाही. लोक मात्र केईएमच म्हणत राहतील, कारण एडवर्ड कोण हे त्यांना आजही माहीत नाही. कॉलेजच्या नावात गोर्धनदास सुंदरदास आहेतच, आणि स्वदेशी अध्यापकांची अट घालणाऱ्या त्या विश्वस्तांना मी कुठल्याही नव्या नावापेक्षा वर ठेवीन. बदलायचंच असेल तर खुशाल बदला, फक्त त्याच अंदाजपत्रकात संडासांच्या दुरुस्तीचीही तरतूद करा.

गेटवेचीही डागडुजी व्हायला हवीच. २०२३ मध्ये पाहणीत त्याच्या पृष्ठभागावर भेगा दिसल्याचं संसदेत सांगितलं गेलं, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जतनासाठी सुमारे नऊ कोटींचा अंदाज केला. योग्यच केलं, वास्तू राज्य संरक्षित आहे. पण ज्या कमानीखालून कुणाला कुठे पोचायचं नाही, तिच्यासाठी स्वतंत्र अंदाज, स्वतंत्र आराखडा, मंजुरी, सगळं होऊ शकतं, तर लघुवाद न्यायालयासाठी, विज्ञान संस्थेसाठी आणि केईएमच्या जुन्या भागासाठी चुन्याच्या कामाचे दर धरून, जाणकार गवंड्यांची अट घालून, असाच वेगळा अंदाज करायला नेमकी कशाची अडचण आहे, ते सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि महापालिकेने एकदा लेखी सांगावं.